चिमणीकडे न बघता

आमच्या वसाहतीत बायका वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर कुठे जातोय ते बघूनच कपडे वाळत घालतात. आज बायकोने ओल्या कपड्यांची बादली तशीच आत आणली.

"तुमचा धूर आज आपल्याकडे वळलाय," म्हणत ती खिडक्या लावू लागली.

खरंच, माझाच. मी तिथे बॉयलरवर आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवून वीज काढायची, हे माझं काम.

मुलीला पुन्हा धाप लागली होती. मी तिच्या तोंडावर मास्क धरून औषधाच्या वाफेचं यंत्र चालू केलं.

"बाबा, आज कामावर नका जाऊ ना. मग धूर येणार नाही."

यंत्र घरघरत होतं. तेही त्याच कोळशाच्या विजेवर चालतं, हे तिला कसं सांगू? मास्क बायकोच्या हाती देऊन मी डबा उचलला आणि चिमणीकडे न बघता निघालो.