आधी कोरं पाणी

शालनवहिनींचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी सांगलीत ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत पुढं सांगितलं, की झोपेतच गेले, निवांत गेले, आणि तुम्ही निघायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या. आता महिना उलटून गेला, तरी विश्वासची आठवण आली की रडू येण्याआधी हसूच येतं... त्याला माझा इलाज नाही, माणूसच तसा होता.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली, सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली. तो पाटणचा, मी सांगलीचा, दोघेही नवेकोरे केमिस्ट. उसाबरोबर साखर किती आत आली, पोत्यात किती भरली, मळीत किती गेली, याचा मेळ घालणं हे आमचं काम. मेळ बसला नाही की मी जगाला शिव्या द्यायचो. विश्वास मात्र म्हणायचा, "गड्या, आधी आपली भांडी बघ." आणि कोरा नमुना लावायचा. म्हणजे रस न घालता नुसतं पाणी, बाकी भांडी तीच, रसायनं तीच, कृतीही तीच. त्यात जे सापडेल ते आपल्याच पदरचं. ते वजा केल्यावर उरेल ते खरं. हा नियम त्यानं अंगात इतका मुरवून घेतला होता, की कुणाच्या घरी चहा प्यायचा तरी आधी तिथलं पाणी चाखायचा.

पुढं तो युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेत गेला. वीज करायला म्हणून घेतलेलं युरेनियम कुठला देश गुपचूप दुसरीकडं तर वळवत नाही ना, हे पाहायला तपासनीस देशोदेशी फिरत आणि थोडा थोडा नमुना सीलबंद बाटलीतून पाठवत. विश्वास तो आम्लात विरघळवून, ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडून, युरेनियम नेमकं किती ते काढायचा. त्या देशानं सांगितलेल्या आकड्याशी ते जुळलं पाहिजे. पाटणात मात्र बातमी पसरली की पोरगा बाँब बनवतो. सुट्टीवर आला की तो जीव तोडून समजावायचा, की बनवत नाही, कुणी लपूनछपून बनवू नये म्हणून बघतो. मी चिडवायचो, नाव विश्वास आणि पोट भरतोस संशयावर. तो शांतपणे म्हणायचा, "संशय देशावर न्हाई रं, आधी सीलवर. बाटली कुणाच्या हातनं आली ते ठाऊक नसंल, तर आतलं कितीबी मोज, फुकट हाय."

अशाच एका सुट्टीत मुलगी बघायचं ठरलं. मुलगी कवठे महांकाळची, निवृत्त सुभेदारांची. ती, म्हणजे शालन, सांगलीच्या कॉलेजात शिकत असताना विश्वासनं तिला पाहिलेलं होतं आणि मनात पक्कं केलं होतं. प्रश्न होता आत्याबाईंचा. आईमागं त्यांनीच त्याला वाढवलेलं, त्यांच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर तो मुकाट्यानं विमानात बसला असता.

विश्वास, आत्याबाई आणि मी सुभेदारांच्या घरी जाऊन बसलो. चहा आला. आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मुलीच्या घरचा चहा अर्धा टाकणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. सुभेदार ताठ झाले, पडद्यामागची कुजबुज थांबली. मीही चाखला होता, चहा खरंच वाईट होता. तेवढ्यात विश्वास म्हणाला, "मला नुसतं उकळलेलं पाणी मिळंल का? त्याच भांड्यातलं." मी डोळे मिटून घेतले. आत्यानं कप ठेवला आणि पोरगा पाणी मागतोय, आता काय राहिलं?

शालन स्वतः कपभर गरम पाणी घेऊन आली. विश्वासनं चाखलं आणि कप आत्याबाईंपुढं धरला. "आत्या, चहाला नावं ठिवू नगं. पाणीच मचूळ हाय." आत्याबाईंनी चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि पिशवीतनं आपला फिरकीचा तांब्या काढला. पाटणचं पाणी बरोबर असल्याशिवाय त्या गाव सोडत नसत. त्या पाण्याचा चहा झाला. कप रिकामा करून त्या म्हणाल्या, "ह्यो झ्याक हाय. सुंठ बी कशी बेतानं घातलीया. पोरीच्या हाताला चव हाय." सुपारी तिथंच फुटली. मी परतताना रस्ताभर कोऱ्या नमुन्याचे गोडवे गात होतो. विश्वास नुसता गालात हसत होता.

परवा पुन्हा साताऱ्याला गेलो. वहिनींनी ट्रे आणला. दोन कप चहा आणि विश्वासच्या खुर्चीसमोर एक कप नुसतं गरम पाणी. "हात ऐकत नाही, रोज ओतला जातो," म्हणाल्या. मी तो उचलून एक घोट घेतला. पाणी स्वच्छ, गोड. मग चहा चाखला आणि माझा चेहरा मला आवरला नाही.

वहिनी हसायला लागल्या. "भाऊजी, मला चहा कधीच जमला नाही. त्या दिवशी तांब्यातल्या पाण्याचा चहा आईनं केला होता."

"आणि विश्वासला?"

"त्यांनी तिथंच ओळखलं. पाणी बदललं म्हणून चहात सुंठ कुठनं येईल? लग्नानंतर मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाले, नमुना बदललेला दिसत होता, पण मला निकाल तोच हवा होता." पदर डोळ्याला लावून त्या पुन्हा हसल्या. "तेव्हापासून चहा त्यांनीच केला... शेवटच्या रात्रीपर्यंत."

जगभरच्या बाटल्यांची सीलं तपासणारा माझा मित्र जन्मात एकदाच फसला, तोही राजीखुशीनं. मी कप खाली ठेवला नाही. तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि आणखी अर्धा कप मागितला.