आक्काच्या चपला

निरोप आला तेव्हा मी अंबरनाथला आमच्या चाळीत भाकऱ्या थापत होते. बदलापूर गावातून आलेला धाकटा दीर दारातच उभा राहिला, आत येईना. "आक्का गेली," एवढंच म्हणाला. तवा तापत राहिला... करपलेल्या भाकरीचा तो वास अजून नाकातून जात नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन बदलापूरच्या घरी आले तेव्हा मला धड भात कांडता येत नव्हता. आधी ती पोट धरून हसली, मग तिनंच शिकवलं. जीभ तिखट, जीव मात्र लोण्यासारखा. पण तिच्या उजव्या पायाला धावरं होई. लावणीच्या चिखलात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडत, मग एकाएकी थंडी वाजून ताप भरे आणि पाय लालबुंद होऊन सुजे. लेपानं उतरे, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. दर खेपेला थोडी सूज मागे राही. "ह्या पायानं मला घरात बसवली, तर मी जगायची नाय गो," ती म्हणे. तिचा सगळा जीव त्या खाचरांत होता.

शेवटी मी तिला निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. पेनिसिलिननं ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "माई, अब हर महिने सुई. पाय चांगला दिसला तरी. बीमारी गेली नाही, दबून बसली आहे. और चप्पल पहनो."

सुई ती मुकाट घेई. अवघड होती ती चप्पल. आमच्या घरात सुना वडीलधाऱ्यांपुढून पायात घालून जात नसत. ती चपला पदराखाली धरून गाव ओलांडी, वेशीबाहेर पायात घाली, परतताना पुन्हा काढी. "माझ्या चपलाच माझ्या कडेवर बसून फिरतात," म्हणायची.

तरी सुईनं तारलं. त्या वर्षी एकदाही ताप आला नाही, लावणीला आक्का सगळ्यांच्या पुढे. सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता, त्यासाठी गोडधोड सोडलं होतं. त्यांनी देवीची ओटी भरली आणि आक्काला म्हणाल्या, "बरी झालीस ना गो? आता सुई कशाला? ओटी भरून वर सुई टोचायची, म्हंजे देवीवर भरवसा नाय असं होतं." त्यांच्या मनात कपट नव्हतं, मायाच होती. मी डॉक्टरांचं बोलणं सांगून पाहिलं. "तू नि तुझा डाक्टर!" म्हणून आक्का हसली, आणि सुई बंद झाली. बऱ्या पायाला औषध कशाला, असं कुणालाही वाटेल...

पुढच्या लावणीत ताप भरला. नेहमीचंच म्हणून घरी लेप लावला. ती बरळू लागली तेव्हा गाडी जुंपली. इस्पितळात सांगितलं, विष रक्तात भिनलंय, फार उशीर झाला. मला तिचं तोंडही दिसलं नाही, याचं दुःख जात नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या चपला शोधल्या. गोठ्यामागे, तिच्या नेहमीच्या जागी नव्हत्या. सासूबाईंनी त्या धुऊन माजघरात, उंबऱ्याच्या आत ठेवल्या होत्या. टाचा अजून कोऱ्या. मी त्या उचलायला वाकले.

"असूं दे तिथंच," त्या म्हणाल्या. "आता तिला कुणापुढं काढायला नको."