अभी गिनोस्को

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही आणि पुढं शाळाच सुटली. अक्षरही वाकडं आहे. त्यात जवळचं दिसत नाही, म्हणून ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणी वाचलंच तर आधी सांगितलेलं बरं.

चष्म्यासाठी शेवया करून मी पैसे जमवले होते. ते गल्लीतल्या बांगडीवालीनं उसने नेले, "पुढच्या बाजारी देते" म्हणून. कितीतरी बाजार झाले. मी मागणार कशी? मला भाजीवाल्याकडं सुटे मागायचीसुद्धा लाज वाटते. तीही नायगावच्या बाजारात मला पाहिलं की बांगड्यांच्या पेटीत तोंड घालायची. ओळखच दाखवायची नाही. मला जवळचं दिसत नसलं तरी लांबचं चांगलं दिसतं.

आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब लई शिकलेले. एका रविवारी त्यांनी बायबलातला एक ग्रीक शब्द सांगितला. गिनोस्को. म्हणजे जाणणं. "तहसीलदार कोण हे तुम्हाला माहीत असतं. पण शेजारीण भाजीत मीठ किती घालते, हे तुम्ही जाणता. ते गिनोस्को." त्याच्या पुढचा शब्द एपिगिनोस्को. समोर आल्यावर 'हे तेच' म्हणून ओळख पटणं.

आता आमच्या बाजारात अर्धं बोलणं हिंदीतच चालतं. मला ऐकू आलं, "गिनो उसको." म्हणजे तिचे पैसे मोजून दे! मी पदर तोंडात धरला. साहेब रंगात आले होते. आम्हा बायकांकडं हात करून पुन्हा म्हणाले, "एपिगिनोस्को!" पुढच्या ओळीतल्या बांगडीवालीची मान ताठ झाली.

प्रार्थना सुटल्यावर चपला घालताना तिनं मला गाठलं.

"काय गं अक्के, पाळकाला जाऊन सांगितलंस व्हय?"

"मी? न्हाई बा."

"न्हाई कशी! भर सभेत माझ्याकडं हात करून म्हणले, गिनो उसको. मी मनात म्हणलं, दिवाळीला बघू. तर वरून आणखी, अभी गिनो उसको!"

"अगं, ते ग्रीक होतं."

"हाव! मग मी बाजारात रोज ग्रीकच बोलते म्हणायचं."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि नोटा माझ्या हातात कोंबल्या. "घे मोजून."

मी नोटा लांब धरल्या, आणखी लांब धरल्या. ती बघत राहिली.

"दिसत न्हाई तुला?"

"जवळचं न्हाई."

"मग चष्मा का न्हाई करत?"

 मी हातातल्या नोटांकडं बघत राहिले. तिनंही बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडं असं सरळ पाहिलं.

"हे चष्म्याचे होते व्हय? अगं बये, तोंड हाय का न्हाई तुला!"

तिनं नोटा माझ्या हातातून काढून घेतल्या आणि पाळकसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, एकेक करून परत माझ्या हातावर मोजल्या. एकही कमी नव्हती.