सोपानच्या चेलोच्या तारा

नाटक कंपनीत मी पंधरा वर्षं लुगडं नेसून नायिका रंगवली. माझ्या पदांना टाळ्या पडत, त्यांतल्या निम्म्या खरं तर सोपान मुऱ्हेच्या होत्या.

सोपान सोमाटण्याचा. लोणावळ्याला रेल्वेत खलाशी असताना तिथल्या एका गोवेकर बँडमास्तरांकडून तो चेलो शिकला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा आणि गजाने वाजवायचा. साहेबांच्या बंगल्यांवर त्यांच्या जेवणावेळी वाजवून तो कंटाळला, तेव्हा आमच्या मालकांनी त्याला कंपनीत आणलं. करुण पदाला खालच्या तारेवर तो असा गज ओढायचा, की मला रडण्याचं सोंग आणावं लागत नसे.

बोलपट आले आणि चौतीस साली कंपनी मोडली. मी तळेगावात बिऱ्हाड केलं. सोपान गावी परतला आणि खंडोबाच्या सभामंडपात दर गुरुवारी तीन पोरांना शिकवू लागला. त्यांत चिंगी सगळ्यांत तयार. "ही माझ्या फुडं जाईल," तो मला सांगायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या हातातली विद्या त्या पोरीकडेच जायची होती.

एकदा शिकवताना तार तुटली. चिंगीने विचारलं, "नाना, ही कशाची वो?" दुसऱ्या कुणी थाप मारली असती. सोपान म्हणाला, "आतड्याची."

पुढच्या गुरुवारी मी सहज सोमाटण्याला गेलो, तर मंडपात पोरं नव्हती. चिंगीचे आजोबा दत्तोबा आणि चार म्हातारे बसले होते.

"कुणाच्या आतड्याची?" दत्तोबांनी विचारलं.

"मेंढीच्या म्हनत्यात, आबा."

"म्हनत्यात? तुला म्हाईत न्हाई?"

"तार इलायतेवरनं येती. मी काय बघाया गेलतो?"

"मंग गाईची न्हाई कशावरून?"

मृदंगाचं कातडं बोकडाचं, हे गावाला ठाऊक होतं. या तारेचं कूळ कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती दोन वर्षं देवासमोर वाजली होती. दत्तोबांनी बेलाच्या पानांवर भंडारा ठेवून पुढे केला. "उचल. मेंढीची हाय म्हन. पोरं आत्ता धाडतो."

उचल रे बाबा, मी मनात म्हटलं. रंगमंचावर आपण काय कमी शपथा ऐकल्या? सोपानने हात मागे घेतला. "न्हाई उचलत, आबा. मला ठावं न्हाई."

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, की याला ठाऊक आहे आणि हा लपवतोय. त्याच्याशी एक शब्द न बोलता मी तळेगावला परतलो. त्याची लाज अजून वाटते.

महिनाभराने सोपान तळेगावच्या पिंजाऱ्याकडे आला. कापूस पिंजायच्या धनुकलीला आतड्याचीच तात लागते; गावातली एकूण एक गादी त्याच तातीने पिंजलेली. पिंजाऱ्याला घेऊन तो सोमाटण्याला गेला. दत्तोबांच्या डोळ्यांदेखत बोकड कापला, आतडी धुतली, वळली, वाळवली. चेलोला नव्या तारा चढल्या. आवाज घोगरा, घसा बसलेल्या नायिकेसारखा. सोपानचं तोंड कडू झालं. मग त्याने स्वतःहून भंडारा उचलला. "ह्या बोकडाच्या."

"आन् पयल्या?"

"त्यांचं आजून ठावं न्हाई."

दत्तोबांनी नव्या तारेवरून बोट फिरवलं. "पोरीला धाडतो. पर मी संगं बसनार. तुझा भरवसा न्हाई."

आणि बसले. दर गुरुवारी, काठीवर हनुवटी टेकून, नजर तारांवर.

त्रेचाळीस साली लोणावळ्याच्या सभागृहात चिंगी पहिल्यांदा एकटी वाजवायला बसली. सोपान कडेला उभा, घामाघूम. पहिल्या रांगेतून दत्तोबांचा खडा आवाज आला, "चिंगे, तार कंची चढवलीया?"

"बोकडाची, आबा!"

सभागृह खो खो हसलं. दत्तोबांनी मागे वळून सगळ्यांना एकदा निरखलं. मग चिंगीने गज टेकवला.