शेवटचं पान

आमच्या जुईनगरच्या बुद्ध विहाराला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींनी जुन्या बायकांच्या आठवणी चार वह्यांत लिहून काढल्या होत्या. कोकणातून कोण कधी आलं, विहाराच्या पायाला घमेली कोणी उचलली, सगळं. त्यांची नजर झपाट्याने जात होती. ती पुरती जायच्या आत त्यांना ते छापलेलं बघायचं होतं.

वह्या घेऊन त्या माझ्याकडे आल्या. घरी कॉम्प्युटर असलेला आणि छपाईसाठी पानं लावता येणारा मीच. मला खरं तर कंटाळा आला होता. रबाळ्याच्या कंपनीतून दमून यायचं आणि वर ही वेठबिगार! पण विहाराच्या कामाला तोंडावर नाही म्हणायची छाती आमच्यात कोणाचीच नाही.

"मावशी, हे सॉफ्टवेअर घरगुती लायसन्सचं आहे," मी म्हणालो. "संस्थेचं काम त्याच्यावर केलं तर बेकायदा होतं."

लायसन्सचा कागद मी कधी उघडूनही पाहिला नव्हता. त्याच सॉफ्टवेअरवर मी दर शनिवारी इस्टेट एजंटांची पत्रकं करून देत होतो, तेव्हा कायदा मला आठवत नसे.

मावशींनी ते खरं मानलं. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "शिकलेला माणूस असा पायजे. घरात बसून पन नियम मोडत नाय." दहाच मिनिटांपूर्वी मी हात जोडून पंचशील घेतलं होतं. खोटं न बोलण्याचं शील त्यात येतंच. मी खाली मान घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

पुढच्या शनिवारी त्या वह्यांसकट परत आल्या. मधल्या काळात माझ्या बायकोकडून लायसन्सचा कागद मागून नेऊन त्यांनी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून तो वाचून घेतला होता.

"भाऊ, चालतंय," त्या खुशीत म्हणाल्या. "घरच्या माणसानं फायदा न घेता समाजाचं काम केलं तर चालतंय. धंद्याचं तेवढं चालत नाय. तुमी नियमाचे पक्के, म्हनून मीच विचारून आले."

स्क्रीनवर टू बीएचकेची जाहिरात उघडी होती. त्यांना ती दिसत नव्हती, तरी मी ती घाईघाईने बंद केली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

महिनाभर बसून मी चारही वह्या टाइप केल्या. चौथ्या वहीच्या शेवटी एक पान नव्या शाईत होतं. वाकड्यातिकड्या ओळींत माझ्यावरच लिहिलेलं: विहाराच्या कामासाठीसुद्धा नियम न मोडणारा आमचा भाऊ. खरं काय ते तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. मी मुकाट्याने ते पान गाळलं.

स्मरणिका हातात पडली तोवर त्यांना अक्षर लागेनासं झालं होतं. कागदावरून बोटं फिरवत त्या म्हणाल्या, "भाऊ, माझं शेवटचं पान वाचा बरं."

ते मला पाठ होतं. शेवटच्या पानावर छापलेल्या छापखान्याच्या पत्त्यावर नजर ठेवून मी त्यांना ते अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं.