आठ सोटांचा मांडव

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कारागिरांच्या मालाचे एक दिवसाचे प्रदर्शन भरले. मांडवाचा आराखडा माझ्याकडे आला. मी नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. पात्रता एवढीच की शाळेत चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झालो होतो.

लाकूड एका गाडीसुताराने उसने दिले. बाभळीचे आठ सोट, म्हणजे सरळ, लांब ओंडके. बैलगाड्यांसाठी त्याने ते दोन वर्षे सावलीत वाळवले होते. त्याची अट साधी होती: करवत लावायची नाही, खिळा मारायचा नाही. भोक पडलेला सोट गाडीला चालत नाही.

माझ्या कागदावर आठही खांब एका उंचीचे होते. सुताराने कागद उलटसुलट करून पाहिला.

"पेपरवाले, असली बाभळ कुठल्या शिवारात उगवती?"

त्याच्या सोटांत कोणतेही दोन एका मापाचे नव्हते. लांब सोट जास्त खोल पुरावेत, असे मी सुचवले. पण मुरूम वीतभर खणल्यावर खाली खडक लागला. बाजार दुसऱ्या दिवशी होता.

छतासाठी घोंगड्या घेऊन आलेली धनगर विणकरीण गठ्ठ्यावर बसून हे पाहत होती.

"आमी पाल ठोकतो तवा काठ्या काय मोजून घेतो व्हय? उंच मधी, बुटका कडंला. वरनं दोराचं तणावं."

"मावशी, आधी का न्हाई बोललीस?" सुतार म्हणाला.

"इचारलं कुनी?"

तासाभरात सांगाडा उभा राहिला. घोंगड्याही विकायच्या होत्या, म्हणून त्या शिवल्या नाहीत. बाभळीच्या काट्यांनी एकमेकींना टाचल्या.

बाजाराच्या दिवशी गर्दी झाली ती सावलीसाठी. बैल पारखायला आलेले शेतकरी सोटांवर थापा मारू लागले. दुपारी एकाने मधल्या सोटाला मिठीच घातली.

"हा मला पायजे. आत्ता."

सुताराचा हात दोराच्या गाठीकडे गेला.

"सोड की," मावशी म्हणाली. "वर माझ्या पंधरा घोंगड्या हायेत. तुझ्याच टकुऱ्यावर येतील."

सुताराने हात मागे घेतला. "पाहुणं, सांजच्याला देतो. तवर बसा."

दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून गिऱ्हाईक दिवस मावळेपर्यंत त्या सोटाला पाठ लावून बसले. भाकरीही तिथेच खाल्ली.

संध्याकाळी दोर सुटले. सुताराने प्रत्येक सोटावर बुडापासून शेंड्यापर्यंत तळवा फिरवला. मधल्यावर तो थांबला.

"ह्यो वण कशाचा?"

"दोराचा," मावशी म्हणाली. "दिसभर बांधल्यावं तुज्या बी अंगावं उठंल."

त्याने थुंकी लावून अंगठ्याने घासले. वण गेला. मग त्याने गिऱ्हाइकाला सोटाचे दुसरे टोक धरायला सांगितले.