फुटाला पाव इंच उतार

एखाद्या संस्कृतीची उंची तिच्या देवळांवरून किंवा ग्रंथालयांवरून मोजू नये. तिच्या न्हाणीघराच्या जमिनीला उतार कुठल्या बाजूला आहे, यावरून मोजावी. हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या घराच्या स्वयंपाकघरात, हातात पातेलं धरून उभा होतो आणि छतातल्या दिव्याच्या खाचेतून पाणी गळत होतं. त्यामुळे ते लगेच लिहून ठेवता आलं नाही.

आमची वसाहत ज्या स्थानिक कंपनीनं बांधली, ती दर महिन्याला एक चार पानी रंगीत पत्रक पाठवते. पहिल्या पानावर कंपनीच्या बातम्या, आत घर सुधारण्याच्या कल्पना. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा मी शेवटपर्यंत वाचतो, त्यामुळे हे पत्रक माझ्या हातून कधी सुटलं नाही. त्याची भाषा मला फार आवडायची. त्यात स्वयंपाकघराच्या मधला ओटा हे घराचं हृदय असायचं. गॅरेजमधून आत येताना चपला काढायची जागा म्हणजे बाहेरच्या जगाला निरोप देण्याचं स्थान. बाथरूमला बाथरूम म्हटलेलं मी त्यात एकदाही पाहिलं नाही. तिथे माणूस स्वतःकडे परत यायचा. शनिवारी चहाबरोबर मी हे मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि बायको म्हणायची, "झालं की तो कागद इकडे दे, कोथिंबीर निवडायचीय."

त्या वसंतात माझी आई नागपूरहून आली. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झालेली. वडील गेल्यावर फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. आदल्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात पडली आणि कामवाल्या मावशी येईपर्यंत दोन तास फरशीवरच होती. हे तिनं आम्हाला चार दिवसांनी, इतर बातम्या संपल्यावर सांगितलं. तिचं ग्रीन कार्ड झालं होतं. तिनं आमच्याकडेच राहावं असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. तिचं ठरलं नव्हतं. परतीचं तिकीट काढलंस तरच येते, असं तिनं बजावलं होतं. सहा महिने पाहीन, जमलं तर राहीन.

आम्ही तिला सगळं दाखवलं. मायक्रोवेव्ह, थर्मोस्टॅट, धुराचा अलार्म, फोडणी घालायच्या आधी कुठली खिडकी उघडायची ते. इथलं बाथरूम कोरडं असतं, पाणी फक्त टबात घ्यायचं, हे मात्र सांगायचं राहिलं. वीस वर्षांत आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटेनासं झालं होतं.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे टबाच्या काठावरून पाय टाकणं तिला जमेना. म्हणून तिनं आपल्या परीनं मार्ग काढला. इंडियन ग्रोसरीतून लाल प्लॅस्टिकची बादली आणि मग आणवला होताच, ते दोन्ही टबाबाहेर ठेवलं, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली आणि जन्मभर केली तशी आंघोळ केली. कोपऱ्यात जमिनीत एक लोखंडी जाळी होती. बाथरूमच्या कोपऱ्यातली जाळी आईनं आयुष्यभर एकाच कामाची पाहिली होती. फरशीवरचं उरलेलं पाणी तिनं हातानं नीट त्या जाळीकडे लोटलं. ती जाळी हीटिंगची, खोलीत गरम हवा सोडणारी होती. तिच्याखालून जाणारी पत्र्याची नळी स्वयंपाकघराच्या छतावरून जाते.

पातेलं मी इथे धरलं होतं.

आई केस टॉवेलात गुंडाळून खाली आली, छताकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि ओटा पुसायला लागली. पुढचे आठ दिवस ती ओल्या टॉवेलनं अंग पुसत होती, हे आम्हाला नवव्या दिवशी कळलं. बायकोनं टबात ठेवायची एक खुर्ची आणली. त्यासाठी कुणीतरी दंड धरावा लागायचा. आईनं सुनेला एकदा दंड धरू दिला. त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन तिनं तिकिटाची तारीख अलीकडची मिळते का बघ, असं सांगितलं.

मी म्हटलं, "आई, एका आंघोळीसाठी?"

"ज्या घरात मला माझी आंघोळ करता येत नाही," ती म्हणाली, "तिथे मी पाहुणीच. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

गणिताच्या बाईंशी वाद घालायचा म्हणजे आधी आपलं उत्तर तयार असावं लागतं. मी तिकिटाचं पान उघडलं. बायकोनं मात्र कोथिंबिरीखालचा कागद झटकून त्यावरचा फोन नंबर लावला.

कंपनीकडून आधी डिझाइनवाली बाई आली. टॅब्लेटवर तिनं पावसासारखा पडणारा शॉवर दाखवला, रंग बदलणारे दिवे दाखवले, आणि इथे आई एक 'प्रवास' अनुभवेल असं सांगितलं. गृहपाठ न केलेला विद्यार्थी खूप बोलतो तेव्हा आई जशी ऐकते, तशी तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी छताचा डाग बघायला कंपनीचा फोरमन आला. साठीचा, जाडजूड बोटांचा, कानावर पेन्सिल. दारातच त्यानं बुटांवर निळ्या कापडी पिशव्या चढवल्या. आईनं ते पाहिलं आणि मला मराठीत म्हणाली, "मिस्त्री वळणाचा दिसतो."

त्यानं विचारलं, पाणी कसं आलं? मी म्हटलं, पाइप लीक झाला असावा. माझ्या आईची आंघोळ एका परक्या माणसासमोर मांडायची मला लाज वाटली, हे खरं कारण. फोरमन वर गेला, जाळी उचकटली, आत हात घातला आणि चंदनाच्या साबणाचा एक पातळ तुकडा घेऊन खाली आला. तो तुकडा त्यानं ओट्यावर, त्या घराच्या हृदयावर ठेवला. 

"पाइप नाही," आई टेबलावरून इंग्रजीत म्हणाली. "मी केलं ते."

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. तिनं हातानं मला गप्प केलं. फोरमननं खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही कशी करता ते मला दाखवाल का?"

यानंतर जे झालं ते मी बाथरूमच्या दारात उभं राहून पाहिलं. आईनं स्टूल मांडलं, उजवीकडे रिकामी बादली, बादलीत मग. पदर खोचून ती नववीचा वर्ग घेतल्यासारखी बसली आणि कोरड्या मगानं सगळा क्रम दाखवला. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, डोकं शेवटी. एकदम डोक्यावर घेतलं तर हुडहुडी भरते. साबण इथे. घासायचा दगड इथे. मला आईनं भाषांतराची तयारी ठेवायला सांगितलं होतं, पण दोघांनीही माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. मग त्यानं विचारलं, बसू का? आई उठली. तो सव्वासहा फुटी माणूस त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला, रिकामा मग उचलला आणि आपल्या पायांवर ओतला. आई म्हणाली, हात जरा खाली. त्यानं हात खाली घेतला.

पत्रकात हा प्रसंग आला असता तर इथे त्याला शेतावरची आपली आजी आठवली असती. त्यानं फक्त बादली किती लिटरची ते विचारलं. मग टेप काढून स्टुलाची उंची, बसल्या जागेवरून आईचा हात नळापर्यंत किती पोचतो ते अंतर, उठताना ती कशाला धरते ती जागा, सगळं मोजलं. पाणी किती लांब उडतं, असं त्यानं विचारलं. आई म्हणाली, चार फरश्या. त्यानं पाचव्या फरशीवर पेन्सिलीनं खूण केली.

मी तिकिटाची तारीख बदलण्याच्या पानापर्यंत येऊन थांबलो होतो. काम होईपर्यंत थांबशील का, असं विचारल्यावर आई म्हणाली की मिस्त्रीनं इतकं मोजलंय तर बघते काय करतो ते. पण पाणी पुन्हा खाली आलं तर जाईन.

टब गेला. हीटिंगची जाळी जमिनीतून निघून भिंतीत गेली. जमिनीखालच्या तुळयांच्या मधलं लाकूड खाली घेऊन त्यानं सगळी जमीन मधल्या एका जाळीकडे उतरती केली. किती उतार, हा पहिला प्रश्न आईचाच होता. फुटाला पाव इंच, तो म्हणाला. "म्हणजे अठ्ठेचाळिसास एक," आई म्हणाली. त्यानं क्षणभर मनात हिशेब केला आणि मान हलवली. तेव्हापासून त्यांचं जमलं. ती रोज अकराला त्याच्यासाठी वर चहा पाठवायची, आलं घातलेला. पहिल्या दिवशी त्यानं तो भीतभीत घेतला. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

फरश्या बसवण्याआधी एक परीक्षा असते. जमिनीवर पाणी न झिरपणारा थर अंथरतात, जाळीचं तोंड बुचानं बंद करतात, जमीन पाण्यानं भरतात आणि चोवीस तास तसंच ठेवतात. खाली काही झिरपलं नाही तर पास. ते चोवीस तास आम्ही तिघं स्वयंपाकघरात जेवलो, चहा घेतला, भाजी चिरली, आणि बोलताना एकमेकांकडे बघण्याऐवजी छताकडे बघत होतो. बायकोनं सवयीनं पातेलं काढून ठेवलं होतं. आईनं ते पुन्हा कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी फोरमननं शिडीवर चढून तळवा छताला लावला, खाली उतरला आणि तळवा आईला दाखवला. कोरडा होता.

फरश्या बसल्यावर आईनं आपली परीक्षा घेतली. प्रत्येक कोपऱ्यात एकेक मग पाणी ओतलं आणि वाट पाहिली. तीन कोपऱ्यांतलं पाणी गेलं. दाराजवळच्या कोपऱ्यात पुरीएवढं डबकं राहिलं. मी म्हटलं, अगं, एवढंसं तर आहे, वाळेल. फोरमन गुडघ्यांवर बसला, जमिनीला गाल लावून टॉर्च मारला, बराच वेळ पाहत राहिला.

"त्यांचं बरोबर आहे," तो मला म्हणाला.

त्यानं सहा फरश्या उचलल्या आणि पुन्हा बसवल्या. माझ्या नोकरीत मी अनेक लोकांना चूक मान्य करताना ऐकलं आहे. त्यासाठी साधारण एक तासाची मीटिंग आणि स्लाइड्स लागतात. माझ्याही चुका मी अशाच मान्य केल्या आहेत. या माणसाला एक मग पाणी पुरलं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी आईनं दार लावून घेतलं. खाली आम्हाला बादली भरल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, मग पुन्हा. बायकोनं गॅस बारीक केला. छत कोरडं होतं. आई बराच वेळ आत होती. केस टॉवेलात गुंडाळून एकटीच जिना उतरून आली, खुर्चीत बसली, चहा मागितला आणि दोन घोट झाल्यावर म्हणाली, "ते तिकीट कॅन्सल कर."

दोन महिन्यांनी पत्रकात आमचं बाथरूम आलं. 'या महिन्याची कल्पना'. फोटो काढणाऱ्यानं बादली, मग आणि स्टूल बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवून त्यांच्या जागी एक पांढरं ऑर्किड आणि गुंडाळलेले टॉवेल मांडले होते. पूर्वेच्या प्राचीन जलपरंपरेपासून स्फूर्ती घेतलेली ही जागा, असं खाली लिहिलं होतं. मी ते चहाबरोबर मोठ्यानं वाचलं.

"जलपरंपरा म्हणजे बादली का?" आईनं विचारलं.

"हो."

"मग ती कुठाय फोटोत?"

फोरमनचा उल्लेख कुठेही नव्हता. आईनं चष्मा लावून पूर्ण लेख वाचला. जमिनीला 'हलकासा उतार' आहे असं एका ठिकाणी म्हटलं होतं, तिथे समासात लाल पेनानं अठ्ठेचाळिसास एक असं लिहिलं आणि कागद कोथिंबिरीसाठी न देता आपल्या कपाटात ठेवला. मिस्त्रीचं काम फोटोत चांगलं उठलंय, म्हणाली. ते खरंच उठलं होतं. इतकी वर्षं मी त्या पत्रकाच्या विशेषणांना हसलो, पण ज्या कंपनीकडे असा माणूस आहे तिनं काहीतरी मोठं बोलावं असं वाटणं साहजिक आहे. शब्द तेवढे चुकीच्या जागी लागले होते.

लेख आल्यावर आजूबाजूच्या तीन मराठी घरांतून फोन आले. तिघांकडेही कुणाचे तरी आईवडील यायचे होते. जलपरंपरेबद्दल कुणी काही विचारलं नाही. आवाज खाली घेऊन, पाणी खाली गळत नाही ना, एवढंच विचारलं.

गळत नाही. आई आता आमच्याकडेच राहते. तिचे केस त्या मधल्या जाळीत अडकतात आणि दर शनिवारी, चहाच्या आधी, ते मी काढतो.